वीतभर पट्टी आणि चार किलोमीटरचा हात

दोस्तांनो, कंपास पेटी उघडा. करकटक राहू द्या, कोनमापक राहू द्या, पंधरा सेंटिमीटरची पट्टी तेवढी बाहेर काढा. घरात कुणाकडून तरी दहा रुपयांचं एक नाणं मागून आणा. आणलंत? आता ते मोजा. या काठापासून त्या काठापर्यंत, बरोबर मधोमध. आलेलं उत्तर वहीत लिहा आणि वही मिटून ठेवा.

आता तीच पट्टी आणि तेच नाणं ताईला द्या, मग शेजारच्या मित्राला द्या. तुमचं उत्तर मात्र सांगायचं नाही हं! त्यांनाही आपापलं मोजू द्या.

बहुतेक वेळा काय होतं सांगू? एकाचं उत्तर येतं 2.6 सेंटिमीटर, दुसऱ्याचं 2.7 आणि तिसऱ्याचं चक्क 2.9. नाणं तेच, पट्टी तीच, मग उत्तरं तीन कशी?

दहाचं नाणं टांकसाळीत 27 मिलिमीटर व्यासाचं पाडतात. म्हणजे 2.7 सेंटिमीटर. ज्याचं 2.7 आलं त्याला शाबासकी द्या. पण ज्यांचं नाही आलं त्यांचं जास्त कौतुक, कारण आजची आपली गोष्ट त्यांच्यापासूनच सुरू होते. चूक नेमकी कुठे लपून बसली होती ते आपण शोधणार आहोत. आणि हा शोध घेत घेत हिंगोली जिल्ह्यातल्या एका अशा जागी पोचणार आहोत, जिथे जगातल्या सगळ्यांत बारीक मापांपैकी एक माप घेतलं जाणार आहे.

चूक लपते कुठे?

पट्टी डोळ्यांजवळ धरा. तिचं टोक कुठे आहे आणि शून्याची रेघ कुठे आहे? बहुतेक पट्ट्यांमध्ये टोक आधी येतं आणि शून्य जरा आत असतं. नाणं टोकाला लावून मोजलं की तेवढ्या फरकानं उत्तर चुकतं. पट्टी जुनी असेल तर टोक झिजलेलंही असतं. त्यावर एक सोपा उपाय आहे. शून्यापासून मोजूच नका! नाण्याचा काठ 1 च्या रेघेवर ठेवा. दुसरा काठ 3.7 वर आला की त्यातून 1 वजा करा. झालं 2.7.

दुसरी चूक आपल्या डोळ्यांची. नाणं पट्टीवर ठेवा आणि डावा डोळा मिटून पाहा. मग उजवा मिटून पाहा. काठ सरकला ना? नाणं जागचं हललेलं नाही, तुमची नजर तिरकी झाली. डोळा बरोबर रेघेच्या वर, सरळ रेषेत असला तरच आकडा खरा.

तिसरी चूक नाण्याच्या गोलपणामुळे होते. बरोबर मधोमध मोजतोय असं आपल्याला वाटतं, पण जरा वर किंवा जरा खाली मोजलं की माप कमी भरतं. त्यासाठी एक युक्ती. नाणं टेबलावर आडवं ठेवा. दोन्ही बाजूंनी दोन काड्यापेट्या सरळ उभ्या लावा, नाण्याला अगदी चिकटवून. आता दोन पेट्यांमधलं अंतर मोजा. गोल वस्तूला सरळ भिंती मिळाल्या!

चौथी गोष्ट म्हणजे पट्टीची मर्यादा. तिच्यावरचा सगळ्यांत लहान भाग 1 मिलिमीटरचा. त्याहून बारीक तिला दिसतच नाही. मग वहीच्या एका कागदाची जाडी कशी मोजायची? एक कागद मोजूच नका, शंभर कागदांची चवड मोजा. ती साधारण 1 सेंटिमीटर भरली तर एक कागद झाला 0.1 मिलिमीटरचा. पट्टी तीच, पण तिच्याकडून तुम्ही दहापट बारीक काम करून घेतलंत.

या चार युक्त्या लक्षात ठेवा. शून्य तपासायचं. नजर सरळ ठेवायची. मोजायच्या वस्तूला नीट आधार द्यायचा. आणि जे फार लहान आहे ते पुष्कळदा घेऊन मोठं करायचं. पुढे याच युक्त्या मोठमोठे कपडे घालून आपल्याला परत भेटणार आहेत.

हात तर खरा, पण कुणाचा?

पट्टी नव्हती तेव्हा माणसं कशानं मोजायची? स्वतःच्या अंगानं! अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेला पंजा म्हणजे वीत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात. दोन्ही बाहू पसरले की वाव. विहिरीला पाणी किती खोल, हे अजूनही कुणी आजोबा वावांत सांगतील. आजीचं बोटभर, तिळभर, टीचभर तर रोजच चालू असतं.

ही पट्टी हरवत नाही, विकत आणावी लागत नाही. अडचण एकच. पैलवानाचा हात वेगळा, तुमचा वेगळा. दोरी विकताना दुकानदारानं लहान हाताचा नोकर ठेवला तर?

शेताच्या मोजणीत तर ही अडचण फारच मोठी. म्हणून शिवाजी महाराजांच्या काळात जमीन मोजायला काठीचं माप ठरवून दिलं होतं. पाच हात आणि पाच मुठी मिळून एक काठी. अशा वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद जमिनीचा एक बिघा, आणि 120 बिघ्यांचा एक चावर. काठी एकदा ठरली की मोजणारा उंच असो की बुटका, जमीन तेवढीच भरणार.

पुढे शंकू-साखळी आली. तिची लांबी 33 फूट आणि तिचे भाग सोळा. त्या भागांना म्हणायचे आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. हिंगोलीत, वसमतला, कळमनुरीत कुणाही शेतकऱ्याला विचारा, हा हिशोब तोंडपाठ असतो.

तुमच्या पट्टीवर मात्र आणे नाहीत, सेंटिमीटर आहेत. ते कुठून आले? फ्रान्समधून. 1791 साली तिथल्या शास्त्रज्ञांनी ठरवलं की माप कुणा राजाच्या हातावरून नको, सगळ्यांच्या पृथ्वीवरून घेऊ. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचे एक कोटी समान भाग करायचे. त्यातला एक भाग म्हणजे एक मीटर. आपल्या देशानं 1956 च्या कायद्यानं ही दशमान मापं स्वीकारली आणि पुढच्या काही वर्षांत शेर, मण, गज मागे पडून किलो आणि मीटर आले.

सगळे मागे पडले नाहीत म्हणा! सुतारकाकांना विचारा, ते म्हणतील, 'दोन सूत कमी कर.' एका इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे सूत. तीन मिलिमीटरहून जरासं जास्त. दाराची फळी दोन सूत जास्त झाली तरी दार चौकटीत बसत नाही.

हिंगोलीच्या आजी-आजोबांना आणखी एक विचारा. पूर्णा ते अकोला मार्गावरची आगगाडी पूर्वी कशी होती? ते सांगतील, मीटरगेज! म्हणजे दोन रुळांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर बरोबर 1 मीटर. आता तिथे ब्रॉडगेज आहे आणि ते अंतर झालंय 1676 मिलिमीटर. शेकडो किलोमीटर लांबीचा लोहमार्ग, पण हे अंतर जपावं लागतं मिलिमीटरच्या हिशोबात.

उन्हात लांबणारी साखळी

आता जरा चेन्नईला जाऊ. तारीख 10 एप्रिल 1802. विल्यम लॅम्बटन नावाच्या अधिकाऱ्यानं तिथे एक सरळ रेघ मोजायला घेतली. रेघ होती सुमारे साडेसात मैलांची, म्हणजे 12 किलोमीटरची. पट्टी म्हणून हाताशी शंभर फुटांची पोलादी साखळी. ती चाळीस दांड्या जोडून केलेली होती. साखळी चारशे वेळा पुढे सरकवली, तेव्हा रेघ संपली. किती दिवस लागले असतील? सत्तावन्न दिवस!

एवढा वेळ कशाला लागला? कारण लॅम्बटनला ठाऊक होतं की साखळी फसवते. पोलाद तापलं की लांबतं. शंभर फुटांची साखळी 10 अंशांनी जास्त तापली तर साधारण साडेतीन मिलिमीटरनं वाढते. तुम्ही म्हणाल, साडेतीन मिलिमीटर म्हणजे काय, एक सूतभर! पण तीच चूक चारशे वेळा झाली तर? गुणाकार करून पाहा. जवळजवळ दीड मीटर! म्हणून साखळी लाकडी खोक्यांमध्ये ठेवायची, उन्हापासून जपायची, जवळ तापमापक ठेवायचे आणि प्रत्येक वेळी ऊन किती होतं ते लिहून ठेवायचं.

इथे एक गंमत लक्षात आली का? मघाशी शंभर कागद एकत्र घेतल्यानं आपला फायदा झाला. इथे चारशे साखळ्या जोडल्यानं चूक चारशेपट होत होती. पुष्कळदा मोजलं की बरोबर येतंच असं नाही. चूक कशामुळे होते ते कळलं, तरच पुष्कळदा मोजण्याचा उपयोग.

त्या एका रेघेवरून त्रिकोणांमागून त्रिकोण आखत लॅम्बटनची माणसं भारत मोजत उत्तरेकडे सरकत राहिली. वीस वर्षं हे काम चाललं. 20 जानेवारी 1823 रोजी लॅम्बटन वारले, ते आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. मोजणी मात्र थांबली नाही. ती पुढे हिमालयापर्यंत पोचली आणि तिच्याच आधारानं राधानाथ सिकदर यांनी जगातलं सर्वांत उंच शिखर आकडेमोडीतून ओळखलं.

औंढ्याजवळचा महाकाय गुण्या

आता चला हिंगोली जिल्ह्यात. संत नामदेवांचं नरसी गाव याच जिल्ह्यातलं. हळदीच्या बाजारासाठी हिंगोली आणि वसमत प्रसिद्ध. औंढा नागनाथचं दगडी मंदिर तर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. त्याच औंढा तालुक्यात दुधाळा गावाजवळ एक वेधशाळा उभी राहणार आहे. तिचं नाव लायगो-इंडिया.

वेधशाळा म्हटलं की घुमट आणि दुर्बीण डोळ्यांसमोर येते. इथे तसं काहीच नसेल. बांधकामावर गवंडीकाका कोपरा काटकोनात आहे का ते पाहायला जो गुण्या वापरतात, तो आठवा. तसाच एक गुण्या जमिनीवर आडवा टाकलाय असं समजा. फक्त त्याचा एकेक हात 4 किलोमीटर लांब! औंढ्याच्या मंदिरापासून चालायला लागलात तर एवढं अंतर कापायला तुम्हाला तासभर लागेल.

हा गुण्या मोजणार काय? स्वतःचेच दोन हात! त्यांतला एक दुसऱ्यापेक्षा किंचित लांब किंवा आखूड होतो का, एवढंच.

पण जमिनीवर पक्के बसवलेले हात लांब-आखूड का होतील? त्याचं कारण फार दूर आहे. आकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती गरगरा फिरत येऊन आदळतात, तेव्हा अवकाशच थरथरतं. हौदात दगड टाकल्यावर पाण्यावर तरंग पसरावेत तसे तरंग अवकाशात पसरतात. त्यांना म्हणतात गुरुत्वीय लहरी. ही लहर आपल्यातून जाते तेव्हा एका दिशेची अंतरं कणभर ताणली जातात आणि काटकोनातल्या दिशेची कणभर दबली जातात. मग पुढच्याच क्षणी याच्या उलट. म्हणून तर गुण्या हवा. एक हात ताणला जाईल तेव्हा दुसरा दबेल आणि दोघांमधला फरक पकडता येईल.

अशा दोन वेधशाळा अमेरिकेत आहेत, एक हॅनफर्डला आणि दुसरी लिव्हिंगस्टनला. 14 सप्टेंबर 2015 रोजी माणसानं पहिल्यांदाच अशी लहर पकडली. ती निघाली होती 130 कोटी वर्षांपूर्वी. एक कृष्णविवर सूर्याच्या सुमारे 36 पट वजनदार, दुसरं सुमारे 29 पट. दोन्ही मिळून एक झाली आणि तो हेलकावा प्रवास करत करत आपल्यापर्यंत आला. या शोधाबद्दल रायनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना 2017 चं नोबेल पारितोषिक मिळालं.

आता सांगा, त्या लहरीनं चार किलोमीटरचा हात कितीनं हलला असेल? एक सूत? एक केस?

चला, पायरी पायरीनं खाली उतरू. तुमच्या पट्टीवरच्या 1 मिलिमीटरमध्ये हायड्रोजनचे जवळपास एक कोटी अणू ओळीनं बसतील. त्या अणूच्या पोटात असतो प्रोटॉन. तो इतका छोटा की अणू चार किलोमीटरचा केला, दुधाळ्याच्या त्या हाताएवढा, तर प्रोटॉन होईल टेनिसच्या चेंडूएवढा. आणि लहरीनं झालेला फरक? त्या चेंडूवर ठेवलेल्या दोन केसांच्या जाडीएवढा! तोही अणू एवढा फुगवल्यानंतर.

हे वाचून थोडं गरगरलं असेल, तर एकदा डोळे मिटा आणि परत वाचा. मलाही प्रत्येक वेळी तसंच होतं.

उजेडाची पट्टी

एवढं बारीक मोजायला पट्टी कशाची करायची? उजेडाची! लेझरचा किरण म्हणजे एका मापाच्या लाटांची रांग. लायगोमध्ये वापरतात त्या लेझरची एक लाट मिलिमीटरच्या साधारण हजाराव्या भागाएवढी असते. म्हणजे पट्टीवरच्या दोन रेघांमध्ये आणखी हजार रेघा मारल्यासारखं झालं.

गुण्याच्या कोपऱ्यात एक खास आरसा असतो. तो किरणाचे दोन वाटे करतो. एक वाटा एका हातात, दुसरा दुसऱ्या हातात. टोकाच्या आरशांवर आपटून दोन्ही परत येतात आणि कोपऱ्यात भेटतात. अंतरं ठरल्याप्रमाणे असली तर एका किरणाच्या लाटेचा उंचवटा दुसऱ्याच्या खोलगट भागावर येऊन बसतो. उंचवटा अधिक खड्डा, उत्तर सपाट! म्हणजे बाहेर अंधार. हात जरासा लांबला की हे जमणं बिघडतं आणि अंधारात उजेडाची तिरीप दिसते.

आठवली पहिली युक्ती? शून्य तपासायचं! इथला अंधार म्हणजेच शून्य.

शंभर कागदांची युक्तीही इथे आहे. किरण एकदाच जाऊन येत नाही. आरशांच्या मध्ये तो सुमारे तीनशे वेळा येरझाऱ्या घालतो. त्यामुळे चार किलोमीटरचा हात जणू 1200 किलोमीटरचा होतो आणि बारीक फरक मोठा होऊन दिसतो.

नजर सरळ ठेवण्याचं काय? ती युक्ती तर इथे फार गमतीदार झाली आहे. गवंडीकाका समपातळी पाहायला पाणी भरलेला लेवल पाईप वापरतात. चार किलोमीटरसाठी तो चालेल का? नाही चालणार! पृथ्वी गोल आहे आणि पाणी तिच्या गोलाईप्रमाणे वाकतं. उजेड मात्र सरळ जातो. चार किलोमीटरवर या दोघांत सव्वा मीटरचा फरक पडतो. म्हणून किरणाच्या नळ्यांचा पाया बांधताना पृथ्वीचा हा बाक लक्षात घ्यावा लागतो. पृथ्वी गोल आहे हे आपण पुस्तकात वाचतो, इथल्या बांधकामाला ते प्रत्यक्ष सांभाळावं लागतं.

नळ्यांमधली हवाही काढून टाकावी लागते. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दूरचं झाड थरथरताना पाहिलंय ना? झाड हलत नसतं, तापलेली हवा उजेडाला इकडेतिकडे वळवत असते. तशी हवा नळीत राहिली तर मापही थरथरेल. म्हणून या नळ्यांत हवेचा दाब बाहेरच्या हवेच्या एक लाख कोटीव्या भागाएवढाच ठेवतात.

शांतता हेच कच्चं सामान

उरली तिसरी युक्ती, नीट आधार द्यायची. इथे एक खेळ करून पाहा. दोरीला दगड बांधा, गवंडीकाकांच्या ओळंब्यासारखा. दोरी हातात धरून दगड स्थिर होऊ द्या. आता हात भराभर पण थोडासाच डावी-उजवीकडे हलवा. दगड जवळजवळ जागेवरच राहतो! वरची थरथर खाली पोचेपर्यंत विरून जाते.

लायगोमध्ये प्रत्येक आरसा 40 किलोचा असतो आणि तो असाच टांगलेला असतो. एकाखाली एक असे चार ओळंबे आणि सगळ्यांत खाली आरसा. त्याला धरून ठेवणारे धागे काचेचे आणि जाडीला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी.

एवढं करूनही बाहेरची जागा शांत लागते. समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आपटतात तेव्हा दूरवरची जमीन हलते. महामार्गावरचे ट्रक, आगगाड्या, कारखान्यांची यंत्रं, सगळ्यांची थरथर जमिनीतून येते. हॅनफर्डला तर एकदा एक विचित्र आवाज यायला लागला. शोध घेतला तेव्हा कळलं, कावळ्यांची मोठी भावंडं, म्हणजे डोमकावळे, तहान भागवायला तिथल्या थंडगार पाइपावरचा बर्फ चोचीनं टोचत होते! मग तो पाइप झाकून घेतला.

आता तुमच्या लक्षात येईल, भारतभर जागा शोधल्यावर औंढ्याजवळची का निवडली. समुद्र दूर, मोठ्या शहरांची वर्दळ दूर आणि गुण्याचे दोन्ही हात सरळ ठेवता येतील अशी मोकळी जमीन. गावाकडे काहीच आवाज नाही, असं आपण तक्रारीच्या सुरात म्हणतो. इथे ती शांतताच जगाच्या उपयोगी पडणार आहे.

हिंगोलीचा कुणी दोस्त लगेच विचारेल, 'पण आमच्याकडे भूकंपाचे धक्के बसतात त्याचं काय?' बरोबर विचारलंस. पांगरा शिंदे परिसरातले जमिनीतले आवाज अनेकांनी ऐकले आहेत आणि 21 मार्च 2024 च्या सकाळी जिल्ह्याला धक्केही जाणवले. अशा वेधशाळेत जमिनीची हालचाल मोजणारी वेगळी यंत्रं बसवलेली असतात. जमीन हलली की ती नोंद करतात. मग शास्त्रज्ञ म्हणतात, या वेळचं माप धरायचं नाही. लॅम्बटन साखळीजवळ तापमापक ठेवत होता ना, अगदी तसंच.

तिसरा कान

अमेरिकेत दोन असताना आणखी एक वेधशाळा हिंगोलीत कशाला? डोळे मिटून बसा आणि कुणाला तरी खोलीत टाळी वाजवायला सांगा. टाळी कुठून आली ते बोटानं दाखवता येतं, कारण आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला नंतर पोचतो. 2015 ची लहर लिव्हिंगस्टनला आधी पोचली आणि हॅनफर्डला सेकंदाच्या सात हजारांश भागानं उशिरा. त्यावरून दिशेचा अंदाज आला, पण ढोबळ. दूर, पृथ्वीच्या वेगळ्या भागात आणखी एक कान असला तर जागा पुष्कळ नेमकी सांगता येते. इटलीत आणि जपानमध्येही असे कान आहेत. औंढ्याचा कान त्यांना येऊन मिळेल.

शिवाय एकट्याच्या मापावर विश्वास कसा ठेवायचा? तुमचं नाणं ताईनंही मोजलं, तसंच हे. एकाच वेळी दूरदूरच्या ठिकाणी सारखीच थरथर दिसली, तरच ती आकाशातून आली असं म्हणता येतं.

या कामात आपल्याकडच्या माणसांचा वाटा जुना आहे. पुण्याच्या आयुका संस्थेतले संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी, गोंगाटातून लहरीची खूण कशी वेचायची याचं गणित लहर सापडण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून करत होते. लायगो-इंडियाला सरकारनं फेब्रुवारी 2016 मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल 2023 मध्ये 2600 कोटी रुपयांच्या खर्चासह पूर्ण मंजुरी दिली. आयुकाबरोबर इंदूर, गांधीनगर आणि मुंबईच्या संस्था हे काम करत आहेत.

पाकिटातलं गुपित

आता एक खरी घडलेली गोष्ट. 16 सप्टेंबर 2010. लायगोच्या यंत्रांवर एक सुंदर खूण उमटली. अगदी दोन तारे आदळल्यावर उमटावी तशी. शेकडो शास्त्रज्ञ कामाला लागले. महिनोन्‌महिने तपासणी झाली, शोधनिबंधही लिहून तयार झाला. मार्च 2011 मध्ये सगळे जमले आणि एक बंद पाकीट उघडण्यात आलं. त्यात होतं, ती खूण खोटी आहे, परीक्षा घेण्यासाठी आम्हीच गुपचूप घातली होती!

रागावले असतील का ते? अशी परीक्षा होऊ शकते हे सगळ्यांना आधीच माहीत होतं, त्यांनीच ते मान्य केलं होतं. आपण खरंच ओळखू शकतो का, आणि घाईनं फसत तर नाही ना, हे त्यांना स्वतःलाच तपासायचं होतं. पाच वर्षांनी खरी लहर आली तेव्हाही त्यांचा पहिला प्रश्न हाच होता, 'या वेळी कुणी मुद्दाम घातली आहे का?' नाही, असं उत्तर आल्यावर मग पुढची तपासणी झाली.

जगातली सगळ्यांत बारीक पट्टी हातात असलेली माणसं स्वतःच्या मापावर सगळ्यांत जास्त शंका घेतात. मला वाटतं, नेमकं मोजणं म्हणतात ते हेच.

करून पाहा

आज संध्याकाळी घरातली ओसरी नाहीतर खोली मोजा. तुम्ही एकदा, घरातल्या दुसऱ्या कुणी एकदा. एकमेकांना न सांगता. वहीत तारीख लिहा, कोणी मोजलं ते लिहा, कशानं मोजलं ते लिहा. टेप ताणून धरला होता की मध्ये लोंबत होता, तेही लिहा.

समजा, तुमचं आलं 3 मीटर 42 सेंटिमीटर आणि आजोबांचं 3 मीटर 43. लगेच रबर उचलून आपला आकडा खोडू नका. दोन्ही तसेच राहू द्या. मग आजोबांना हाक मारा, 'आजोबा, हा एक सेंटिमीटर कुठे गेला, चला शोधू.' टेपच्या टोकाची कडी सैल असेल, भिंत वाकडी असेल, नाहीतर दोघांपैकी कुणाची तरी नजर तिरकी असेल.

तो सापडला की वहीत दोन आकड्यांच्या खाली लिहून ठेवा. ओसरी केवढी आहे हे घरात कुणालाही सांगता येईल. एक सेंटिमीटर कुठे लपला होता, हे मात्र फक्त तुम्हा दोघांनाच माहीत असेल.